हॉस्पिटलचा सर्व्हर डाउन होतो तेव्हा

दिल्लीच्या एम्समध्ये २३ नोव्हेंबर २०२२ च्या सकाळी केसपेपर निघेनात. बुधवारचा दिवस, ओपीडीला नेहमीसारखी गर्दी. लांबच्या गावांहून आलेली माणसं रांगेत उभी आणि काउंटरवरच्या स्क्रीनवर काहीच येत नाही. नोंदणी, अपॉइंटमेंट, लॅबचे रिपोर्ट, बिलं, डिस्चार्ज हे सगळं ज्या 'ई-हॉस्पिटल' प्रणालीवर चालायचं, ती सातच्या सुमाराला बंद पडली होती. सर्व्हरमधल्या फाइली कोणीतरी बाहेरून कुलूपबंद केल्या होत्या. पुढे जवळजवळ दोन आठवडे एम्ससारख्या संस्थेचं बरंचसं काम हाताने, कागदावर चाललं.

संसदेत यावर प्रश्न आले. केंद्र सरकारने उत्तर दिलं की पाच सर्व्हरना बाधा झाली, साधारण १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि याचं कारण म्हणजे नेटवर्कची नीट विभागणी केलेली नव्हती. तेव्हाच्या आरोग्य राज्यमंत्री आणि आपल्या दिंडोरीच्या तेव्हाच्या खासदार डॉ. भारती पवार यांनी लोकसभेत सांगितलं की एका बॅकअप सर्व्हरला हल्ल्याची झळ लागली नव्हती, त्यावरून ई-हॉस्पिटलची सगळी माहिती मिळाली आणि ती नव्या सर्व्हरवर चढवली.

विभागणी नव्हती म्हणून लागण पसरली. बॅकअप बाजूला होता म्हणून माहिती वाचली. एवढं नीट उमजलं तर या विषयातलं निम्मं उमजलं. राहिलेलं निम्मं माणसांच्या सवयींचं आहे, आणि तेच जास्त अवघड आहे.

मी एका जिल्ह्याच्या गावात राहतो. आसपासची नर्सिंग होम, लॅब, सोनोग्राफी सेंटर यांच्या कॉम्प्युटरची आणि नेटवर्कची कामं करतो. डॉक्टर मंडळींशी बोलताना एक वाक्य हमखास ऐकू येतं: "अहो, वीस खाटांचं आमचं हॉस्पिटल. आमच्याकडे काय आहे चोरायला?" हा लेख त्या वाक्यासाठी आहे.

आधी ते कुलूप म्हणजे काय ते बघू. रॅन्सम म्हणजे खंडणी. रॅन्समवेअर हा असा प्रोग्राम असतो की तो तुमच्या कॉम्प्युटरवरची प्रत्येक फाइल एका गणिती किल्लीने बदलून टाकतो. फाइल जागेवरच असते, पण उघडली की आत नुसता अक्षरांचा काला. किल्ली हल्लेखोराकडे. पैसे द्या, किल्ली घ्या, असा निरोप स्क्रीनवर येतो. चोराने कपाटातलं काही नेलं नाही, पण कपाटाला स्वतःचं कुलूप ठोकून गेला, असं समजा. हे गणित इतकं पक्कं असतं की चांगल्या रॅन्समवेअरचं कुलूप किल्लीशिवाय तोडणं व्यवहारात अशक्यच. अलीकडे या टोळ्या कुलूप लावण्याआधी माहितीची एक प्रत बाहेरही नेतात. म्हणजे तुमच्याकडे बॅकअप असला आणि तुम्ही किल्लीसाठी पैसे द्यायला नकार दिलात, तर दुसरी धमकी तयार: पेशंटचे रिपोर्ट जगजाहीर करू.

मग हॉस्पिटलच का? कापडाच्या दुकानाचा कॉम्प्युटर आठवडाभर बंद राहिला तर मालक वहीवर बिलं लिहील. आयसीयूमधल्या पेशंटला आठवडाभर थांबायला सांगता येत नाही. हॉस्पिटल थांबू शकत नाही म्हणून ते लवकर पैसे देईल, असा या टोळ्यांचा सरळ हिशेब असतो.

लंडनमध्ये ३ जून २०२४ रोजी जे झालं ते या दृष्टीने वाचावं असं आहे. सिनोव्हिस ही तिथल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलांच्या पॅथॉलॉजी तपासण्या करणारी संस्था. किलिन नावाच्या टोळीने तिचे कॉम्प्युटर बंद पाडले. हॉस्पिटलं उघडी होती, डॉक्टर-नर्स हजर होते, ऑपरेशन थिएटर सज्ज होतं. फक्त रक्ताचे रिपोर्ट येत नव्हते. रक्तगट जुळवून बघण्याचं नेहमीचं काम त्या वेगाने होईना, तेव्हा डॉक्टरांना जवळपास कोणालाही चालेल असं ओ गटाचं रक्त वापरावं लागलं, आणि देशभरात ओ गटाच्या रक्तदात्यांना पुढे येण्याचं आवाहन करावं लागलं. हजारो अपॉइंटमेंट आणि ऑपरेशनं पुढे ढकलली गेली. वर्षभराने, जून २०२५ मध्ये, तिथल्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलच्या व्यवस्थापनाने जाहीर केलं की त्या काळात दगावलेल्या एका पेशंटच्या बाबतीत, रक्ताचा रिपोर्ट यायला लागलेला उशीर हे मृत्यूला हातभार लावणाऱ्या कारणांपैकी एक होतं.

म्हणून मी याला आयटीवाल्यांचा विषय मानत नाही. ऑक्सिजनची पाइपलाइन तपासणं जसं पेशंटच्या सुरक्षिततेचं काम आहे, तसंच हेही.

हॉस्पिटलच निवडण्याचं दुसरं कारण म्हणजे आजाराची माहिती शिळी होत नाही. एटीएम कार्ड चोरीला गेलं तर फोन करून ब्लॉक करता येतं. एचआयव्हीचा रिपोर्ट, गर्भपाताची नोंद, मानसोपचाराच्या केसपेपरमधलं एखादं वाक्य कसं ब्लॉक करणार? फिनलंडमध्ये व्हास्तामो नावाची मानसोपचार केंद्रांची साखळी होती. तिच्या जवळजवळ ३३ हजार पेशंटच्या नोंदी चोरीला गेल्या. २०२० मध्ये चोराने आधी कंपनीकडे खंडणी मागितली, ती मिळेना तेव्हा ऑक्टोबरमध्ये थेट पेशंटना ईमेल पाठवले: दोनशे युरो भरा, नाहीतर तुम्ही समुपदेशकाला जे सांगितलंत ते सगळ्यांना वाचायला मिळेल. आयुष्यातलं सर्वांत खाजगी दुःख ज्या खोलीत विश्वासाने उघड केलं, ते असं परत आलं. एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या न्यायालयाने आरोपीला सहा वर्षं तीन महिन्यांची शिक्षा सुनावली. कंपनी त्याआधीच दिवाळखोरीत गेली होती. पण ती पानं कोणी कोणी वाचली, हे त्या ३३ हजार माणसांना कधीच कळणार नाही.

आता थोडं सावकाश, कारण हल्ला प्रत्यक्षात कसा घडतो हे कळल्याशिवाय उपाय कळत नाहीत. यासाठी मला आयर्लंडचं उदाहरण सर्वांत मोलाचं वाटतं. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने, म्हणजे एचएसईने, स्वतःवर झालेल्या हल्ल्याची बाहेरच्या तज्ज्ञांकडून चौकशी करून घेतली आणि डिसेंबर २०२१ मध्ये तो अहवाल सगळ्यांसाठी खुला केला. स्वतःच्या चुका इतक्या उघडपणे मांडणारी संस्था विरळाच.

१६ मार्च २०२१ रोजी तिथल्या एका कर्मचाऱ्याला ईमेल आला. सोबत एक्सेलची फाइल. १८ मार्चला त्याने ती उघडली. संपूर्ण देशाच्या आरोग्यसेवेत शिरायला एवढं पुरलं. अशा फसव्या ईमेलला फिशिंग म्हणतात, म्हणजे गळ टाकणं. आपल्याकडे हाच गळ 'थकीत बिल', 'क्लेमची माहिती', 'कुरिअरची पावती' अशा नावांनी येतो.

त्या दिवशी काहीच झालं नाही, आणि लोकांना सर्वांत जास्त चकवणारी गोष्ट हीच आहे. कुलूप पडलं १४ मेला. मधले आठ आठवडे हल्लेखोर आत होते. ते काय करत होते? एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर सरकत होते, पासवर्ड गोळा करत होते, ज्याच्या हाती सगळ्या नेटवर्कच्या चाव्या असतात त्या ॲडमिनच्या खात्यापर्यंत पोचत होते. क्षयरोगासारखं समजा. जंतू शिरला त्या दिवशी खोकला येत नाही.

आणि खोकला येऊ लागला तेव्हा काय झालं? ३१ मार्चला त्या पहिल्या कॉम्प्युटरवरच्या अँटिव्हायरसने हल्लेखोरांची दोन ओळखीची हत्यारं, कोबाल्ट स्ट्राइक आणि मिमीकॅट्झ, पकडली. पण तो अँटिव्हायरस फक्त नोंद करायच्या सेटिंगवर होता, अडवायच्या नाही. त्याने नोंद केली आणि गप्प बसला. ७ मेपासून हल्लेखोर मुख्य सर्व्हरवर दिसू लागले. १० मेनंतर एकदोन हॉस्पिटलांना आपल्या सर्व्हरवर काहीतरी गडबड जाणवली. १३ मेला, म्हणजे आदल्या दिवशी, अँटिव्हायरस पुरवणाऱ्या कंपनीने ईमेल करून कळवलं की किमान सोळा यंत्रणांवर धोक्याच्या सूचना तशाच पडून आहेत. त्यावर एचएसईच्या लोकांनी सर्व्हर रीस्टार्ट करायला सांगितलं.

रीस्टार्ट. हा शब्द वाचून मी थांबलो होतो, कारण आमच्या धंद्यात फोनवर पहिलं उत्तर हेच असतं. "एकदा बंद करून चालू करा." मीही शेकडो वेळा दिलेलं आहे.

१४ मेच्या पहाटे कुलूप पडलं. एचएसईने देशभरातल्या सगळ्या यंत्रणा स्वतःहून बंद केल्या, कारण आग कुठवर गेली आहे हे कळायला दुसरा मार्ग नव्हता. डब्लिनच्या रोटुंडा प्रसूतिगृहाने ३६ आठवड्यांच्या आतल्या गरोदर बायकांच्या नेहमीच्या तपासण्या रद्द केल्या. रेडिएशनच्या उपचारांत खंड पडला. ईमेल बंद असल्यामुळे लोक स्वतःच्या मोबाइलवरून निरोप देऊ लागले. आयर्लंड सरकारने खंडणी देणार नाही असं ठामपणे सांगितलं. सहा दिवसांनी कोंटी नावाच्या त्या टोळीने किल्ली फुकटच देऊन टाकली. तरीही सगळे सर्व्हर उघडून पूर्ववत व्हायला २१ सप्टेंबर उजाडला. किल्ली हातात असूनही चार महिने! पैसे भरले की दुसऱ्या दिवशी सगळं पूर्ववत होतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

अहवालातली कारणं आपल्या ओळखीची आहेत. विंडोज ७ चालवणारे तीस हजारांहून अधिक कॉम्प्युटर, ज्यांना कंपनीकडून नेहमीची दुरुस्ती मिळणं बंद झालं होतं. सगळं नेटवर्क एकमेकांना जोडलेलं, मध्ये भिंती नाहीत. एवढ्या अवाढव्य संस्थेत सायबर सुरक्षेचं काम बघणारी माणसं पंधराच्या आसपास, आणि या एकाच गोष्टीसाठी जबाबदार असलेला वरिष्ठ अधिकारी नेमलेलाच नव्हता. त्याच दिवसांत तिथल्या आरोग्य खात्यावर आणि आणखी एका हॉस्पिटलवर हीच टोळी चालून गेली होती, पण त्यांनी सूचना मनावर घेतल्या, चौकशी केली आणि कुलूप पडण्याआधी हल्ला अडवला. टोळी तीच, हत्यारं तीच. फरक पडला तो सूचना आल्यावर कोणीतरी उठून बघण्याने.

आता एम्सच्या उत्तरातली 'विभागणी' समजणं सोपं जाईल. हॉस्पिटलात स्वाइन फ्लूच्या पेशंटला बाळंतिणींच्या वॉर्डात कोणी ठेवत नाही. आयसोलेशन वॉर्ड वेगळा, थिएटरचे जोडे वेगळे. नेटवर्कमध्येही हेच करायचं असतं. रिसेप्शनचा कॉम्प्युटर, जिथे ईमेल उघडले जातात आणि नातेवाइकांचे पेन ड्राइव्ह लागतात, तो एका भागात. एक्स-रे, सीटी, मॉनिटर ही यंत्रं दुसऱ्या भागात. सर्व्हर तिसऱ्या. नातेवाइकांचं वायफाय पूर्ण वेगळं. मधल्या दारातून फक्त ठरलेलीच ये-जा. मग रिसेप्शनला लागण झाली तरी सीटी स्कॅन चालू राहतो. मी बघितलेल्या बहुतेक छोट्या हॉस्पिटलांत एकच राउटर असतो, आणि वेटिंग रूममध्ये ज्या वायफायवर लोक रील बघत बसलेले असतात त्याच वायफायवर पेशंटचा सगळा इतिहास ठेवलेला सर्व्हर असतो. हे वेगळं करायला लागणारं सामान एका स्प्लिट एसीपेक्षा महाग नसतं.

यंत्रांचं दुखणं जरा निराळं आहे. एमआरआय किंवा सीटीला जोडलेला कॉम्प्युटर दहा-बारा वर्षं जुन्या विंडोजवर चालतो, आणि त्याला हात लावला तर कंपनी वॉरंटी नाकारते. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर जगभर पसरलं, तेव्हा इंग्लंडमधल्या सरकारी आरोग्यसेवेच्या २३६ ट्रस्टपैकी, म्हणजे हॉस्पिटलं आणि आरोग्यसेवा चालवणाऱ्या संस्थांपैकी, किमान ८० ट्रस्टना फटका बसला. ज्या भोकातून ते शिरत होतं त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच दिली होती. ती अनेकांनी चढवलेली नव्हती. तेव्हा अपडेट शक्य असेल तिथे वेळच्या वेळी करायचे, आणि जिथे शक्य नाही ते यंत्र आयसोलेशनमध्ये ठेवायचं, इंटरनेटपासून तोडून. कंपनीच्या इंजिनिअरला दुरून जोडून घ्यायची सोय काम असेल तेवढ्यापुरतीच चालू करायची. मी किती तरी ठिकाणी एनीडेस्क हे दुरून कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर कायम चालू आणि त्याचा पासवर्ड हॉस्पिटलच्या नावापुढे एक-दोन-तीन असा बघितला आहे.

पासवर्डवरून अमेरिकेची गोष्ट सांगतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये चेंज हेल्थकेअर या कंपनीवर हल्ला झाला. तिथल्या हॉस्पिटलांचे आणि औषध दुकानांचे विम्याचे क्लेम या कंपनीतून जातात, आपल्याकडच्या टीपीएच्या, म्हणजे विमा कंपन्यांसाठी क्लेम बघणाऱ्या संस्थांच्या, पोर्टलसारखं काहीसं, पण कैक पटींनी मोठं. देशभर औषधांची बिलं अडकली, छोट्या डॉक्टरांना पगार करायला पैसे उरले नाहीत. दुरून काम करण्यासाठी ठेवलेल्या एका पोर्टलला दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर मोबाइलवर येणारा दुसरा कोड, लावलेली नव्हती. चोरलेला पासवर्ड टाकला आणि दार उघडलं. कंपनीने २ कोटी २० लाख डॉलर खंडणी भरली, हे मूळ कंपनीच्या प्रमुखाने अमेरिकी संसदेसमोर मान्य केलं. एवढं करूनही चोरलेली माहिती परत मिळाली नाही. ज्यांची माहिती चोरांच्या हाती लागली अशा माणसांचा आकडा पुढे १९ कोटींवर गेला. घरबसल्या बँकेचं ॲप वापरताना आपण ओटीपी किंवा पिनशिवाय शंभर रुपये पाठवत नाही, पण हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरला तो दुसरा कोड नको असतो, "सिस्टरांचा वेळ जातो" म्हणून. खरंच जातो. म्हणून निदान बाहेरून आत येणाऱ्या प्रत्येक रस्त्याला, ईमेलला आणि ॲडमिनच्या खात्याला तरी तो लावलाच पाहिजे. वॉर्डातल्या कॉम्प्युटरला नंतर बघू.

काही वेळा हल्ल्याचीही गरज नसते. २०२० च्या सुरुवातीला ग्रीनबोन या जर्मन कंपनीने दाखवून दिलं की जगभरातल्या हॉस्पिटलांचे एक्स-रे, सीटी, एमआरआय इंटरनेटवर उघडे पडले आहेत. पासवर्ड नाही, कुलूप नाही. फिल्मवर पेशंटचं नाव, जन्मतारीख, डॉक्टरांचं नाव. भारतातल्या अशा उघड्या प्रतिमा सुमारे बारा कोटी होत्या, आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र पहिला होता. या फिल्म साठवणाऱ्या यंत्रणेला पॅक्स म्हणतात. रेडिओलॉजिस्टला घरून रिपोर्टिंग करता यावं म्हणून कोणीतरी राउटरमध्ये एक दार उघडतं. काम भागतं. दार मात्र तसंच उघडं राहतं, कारण ते उघडं आहे हे उघडणाऱ्याशिवाय कोणालाच माहीत नसतं, आणि तो तोवर दुसऱ्या गावी कामाला गेलेला असतो. तुमच्याकडे घरून रिपोर्टिंग होत असेल तर आजच विचारा, कोणत्या रस्त्याने होतं? 'व्हीपीएन', म्हणजे ठरलेल्या माणसांनाच आत सोडणारा बंद रस्ता, असं उत्तर आलं तर ठीक. "आयपी (म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता) टाकला की उघडतं" असं आलं तर जगातल्या कोणालाही ते उघडतं.

व्हॉट्सॲपचं काय, असं सगळेच विचारतात. रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवू नका असं मी सांगितलं तर कोणी ऐकणार नाही, आणि गावाकडच्या पेशंटच्या सोयीचं ते आहेही. पण पेशंटच्या स्वतःच्या नंबरवर पाठवणं वेगळं, आणि 'स्टाफ ग्रुप'वर सोनोग्राफीचा फोटो नावासकट टाकणं वेगळं. त्या ग्रुपमध्ये दोन वर्षांपूर्वी काम सोडून गेलेला माणूस अजून असतो. लॅबच्या काउंटरवर रिपोर्टचा गठ्ठा समोर ठेवून "यातला तुमचा काढून घ्या" असं म्हणतात, तेव्हा कोणत्याही हॅकरशिवाय आळीतल्या सगळ्यांची शुगर सगळ्यांना कळते. गोपनीयतेची सवय तिथून लागते.

कायदा आता काय म्हणतो ते थोडक्यात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावं लागतं, आणि यंत्रणांच्या नोंदी, ज्यांना लॉग म्हणतात, १८० दिवस जपाव्या लागतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, माहिती जपण्यासाठी वाजवी काळजी न घेतल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. या कायद्यात माहिती फुटली तर ती ज्याची आहे त्याला कळवणंही बंधनकारक आहे. दंडाच्या आकड्यापेक्षा मला ही तरतूद महत्त्वाची वाटते. आजवर आपल्याकडे अशा वेळी पेशंटला सांगायची रीतच नव्हती. हॉस्पिटलचं नाव खराब होईल म्हणून सगळे गप्प राहायचे, आणि ज्याचा रिपोर्ट गेला त्याला सर्वांत शेवटी कळायचं. आणि पैसे थेट लुबाडले गेले असतील तर १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा. पहिल्या काही तासांतच रक्कम अडवता येण्याची आशा असते.

बॅकअपचं मी मुद्दाम शेवटी ठेवलंय, कारण सगळे उपाय हरले की तोच उरतो. आणि "बॅकअप आहे" या वाक्यावर मी आता विश्वास ठेवत नाही.

हाडांच्या एका हॉस्पिटलात मला हेच सांगितलं गेलं. खरंच होता. सर्व्हरच्या टेबलामागे धुळीत एक काळी हार्ड डिस्क कायमची जोडून ठेवलेली. रोज रात्री अकरा वाजता तिच्यावर प्रत पडायची. पहिली अडचण ही की सर्व्हरला जोडलेली डिस्क ही सर्व्हरचाच भाग. रॅन्समवेअर आलं की तिलाही कुलूप लागणार. माहितीच्या मूळ धरून निदान तीन प्रती हव्यात, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक इमारतीच्या बाहेर. आणि त्यातली किमान एक प्रत एरवी कशालाच जोडलेली नको. डॉक्टरांना मी विचारलं, "यावरून माहिती परत चढवून कधी बघितलीय का?" नाही. शनिवारी रात्री नऊला एका जुन्या कॉम्प्युटरवर चढवायला बसलो. पहाटे चारला काम संपलं. पेशंटची नावं आली, बिलं आली. एक्स-रे उघडायला गेलो तर शेवटची फिल्म आठ महिन्यांपूर्वीची. आठ महिन्यांपूर्वी एक्स-रेचं जुनं सीआर मशीन जाऊन नवं डीआर मशीन आलं होतं. नव्या मशीनच्या फिल्म दुसऱ्या फोल्डरमध्ये पडत होत्या, आणि बॅकअप रोज रात्री अकराला इमानेइतबारे जुन्याच फोल्डरची प्रत घेत होता. स्क्रीनवर रोज हिरवी खूण येत होती. आठ महिन्यांची मोडलेली हाडं एकाच डिस्कवर होती.

त्यानंतर डॉक्टरांनीच सुचवलं की एकदा सगळंच बंद करून बघू. रविवारी दुपारी दोन ते चार सर्व्हरचा स्विच काढला. वॉर्डात नऊ पेशंट, सिझेरियनसारखी घाई असलेली एकही केस नाही, शांत दुपार. आधी सगळ्यांना सांगून ठेवलेलं. तरीही पहिल्या दहा मिनिटांत कळलं की छापील केसपेपर संपून वर्ष झालंय. सगळं प्रिंटरवर निघत होतं म्हणून कोणी मागवलेच नव्हते. बाहेरच्या लॅबचा आणि रक्तपेढीचा नंबर फक्त सॉफ्टवेअरमध्ये होता. नव्या पेशंटला नंबर काय द्यायचा, यावर वाद झाला. इन्चार्ज सिस्टरने तोडगा काढला: आज कागदावर येणाऱ्यांना 'क-१', 'क-२' असे नंबर, उद्या कॉम्प्युटरमध्ये चढवताना गोंधळ नको. औषधांचे चार्ट कागदावरच होते, त्यामुळे दुपारचे डोस वेळेवर गेले. हे ऐकून डॉक्टर जरा सैलावले.

तेवढ्यात एक ब्रदर सहा नंबरच्या खाटेपाशी इंजेक्शनची ट्रे घेऊन थांबला. "मॅडम, या आजोबांना कसली तरी ॲलर्जी आहे ना? कॉम्प्युटरवर लाल चौकट यायची." फाइल चाळली. कुठेच लिहिलेलं नव्हतं. आजोबा झोपेत, सोबत नातू, त्याला काही माहीत नाही. शेवटी सुनेला फोन लावला, ती शेतात होती, दोनदा वाजून गेला. तिसऱ्यांदा तिने उचलला. "हो हो, पेनिसिलिन. मागं अंगभर पुरळ उठलं होतं, सांगितलंय मी तुम्हाला ॲडमिट करताना."

सिस्टरने तिथेच लाल पेन मागवलं. आता त्या हॉस्पिटलात प्रत्येक फाइलच्या पहिल्या पानावर वर उजव्या कोपऱ्यात ॲलर्जी लाल अक्षरात लिहिलेली असते, नसेल तर 'नाही' असं लिहिलेलं असतं. नर्सिंग स्टेशनच्या कपाटाच्या दाराला आतून लॅबचा, रक्तपेढीचा आणि माझा नंबर चिकटवला आहे. खालच्या खणात दोनशे छापील केसपेपर आहेत, आणि दर तीन महिन्यांनी एका रविवारी दुपारी दोनला सिस्टर मला फोन करतात, "दादा, स्विच काढतेय हं."